विहिरीचं कुलूप: एका दिवाणी दाव्यात न्यायाधीशांनी काय केलं, काय टाळलं

नावं, गाव, गट नंबर आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. या दाव्यात मी कोणाचाच वकील नव्हतो. दोन्ही बाजूंचे वकील ओळखीचे होते, त्यांच्या संमतीने कागद वाचले आणि काही तारखांना मागच्या बाकावर बसून ऐकलं. हे मांडण्याचं कारण सांगतो. न्यायाधीशांचे अधिकार म्हटलं की लोकांना निकालाचा दिवस आठवतो. प्रत्यक्षात तालुक्याच्या दाव्याचं भवितव्य बऱ्याचदा निकालाच्या कितीतरी आधी ठरतं. नोटीस किती दिवसांची काढायची, पक्षकाराला थेट प्रश्न विचारायचा का, जागेवर जायचं का, समेटात स्वतः पडायचं का, असल्या बारीक निर्णयांत ते ठरत असतं.

पार्श्वभूमी

सोलापूर शहरापासून तासाभरावरचं, उत्तर सोलापूर तालुक्यातलं गाव. 1972च्या दुष्काळात आजोबांनी विहीर खणली. पुढे दोन मुलांत वाटणी झाली आणि विहीर थोरल्याच्या गटात गेली. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत मात्र ‘विहीर सामाईक, निम्मा हिस्सा’ अशी नोंद राहिली. पाण्याची पाळी चार-चार दिवसांची. मोटार एक, स्टार्टरची पेटी एक, वीज कनेक्शन आजोबांच्या नावावर. आजोबांना जाऊन वीसेक वर्षं झाली, बिल अजून त्यांच्याच नावाने येतं. जिल्ह्यात अशा विहिरी किती असतील, मोजायला बसू नये.

धाकटा भाऊ वारला. त्याचा मुलगा, म्हणजे पुतण्या, या दाव्यातला वादी. त्याची दोन एकर डाळिंबाची बाग आहे, आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्यात फळं वाढवणारा बहार, धरलेला. प्रतिवादी त्याचे चुलते, साठी ओलांडलेले. पुतण्या त्यांना तात्या म्हणतो, कोर्टातही तसंच म्हणाला. तात्यांचा ऊस आणि जनावरांसाठी कडवळ. वर्षानुवर्षं सगळं बिनबोभाट चाललं होतं. बिलाचे पैसे कधी याने भरले, कधी त्याने.

अडचण

2025चा एप्रिल. पारा चाळिशीच्या वर, विहिरीत पाणी तळाला, डाळिंबं लिंबाएवढी झालेली. पाळीच्या सकाळी पुतण्या विहिरीवर गेला तर स्टार्टरच्या पेटीला नवं कुलूप.

तात्यांच्या तक्रारी तीन होत्या आणि त्यातली एकही अगदी हवेतली नव्हती. आडवे बोअर मारून विहिरीतला गाळ काढला आणि मोटार रिवाइंड केली, त्यातला निम्मा खर्च पुतण्याने दिला नाही. पुतण्याने स्वतःच्या रानात बोअर पाडलं, म्हणजे विहिरीची गरज संपली. तिसरी तक्रार कायद्याच्या दृष्टीने सगळ्यांत वजनदार होती: रस्त्यापलीकडे पुतण्याने नव्याने विकत घेतलेल्या रानात तो याच विहिरीचं पाणी पाइपलाइनने नेतो. वडिलोपार्जित जमिनीसाठी ठरलेलं पाणी बाहेरच्या जमिनीला कसं?

पुतण्याचं उत्तर सरळ होतं. खर्चाचा हिशोब मागा, देतो. बोअरला पाणी लागलंच नाही. आणि काहीही असलं तरी कुलूप लावायचा हक्क तात्यांना कोणी दिला?

समोरचे पर्याय

पुतण्या आधी पोलीस ठाण्यात गेला. तिथे नेहमीचं उत्तर मिळालं: दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. शांतताभंगाची भीती असेल तर जमीन किंवा पाण्याच्या वापराच्या हक्कावरून कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 166 खाली कारवाई करता येते. पण हाणामारीची वेळ आली नव्हती, आणि ती येईपर्यंत थांबा असा सल्ला कोण देईल?

दुसरा रस्ता बऱ्याच वकिलांच्याही ध्यानात नसतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906. कलम 5 प्रमाणे, शेतीसाठी वापरल्या जाणाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून कोणाला बेकायदा वंचित केलं तर त्याचा वापर पूर्ववत करून देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. रस्ता अडवल्याच्या अर्जांसाठी हा कायदा सगळ्यांना पाठ असतो, विहिरीसाठी फार थोडे वापरतात. पण तहसीलदारांसमोर प्रश्न फक्त ताब्याचा आणि वापराचा. हिस्सा किती, तो नव्या जमिनीला लागू होतो का, हे अखेर दिवाणी न्यायालयातच ठरणार.

पुतण्याच्या वकिलांनी म्हणूनच सरळ दिवाणी दावा लावला: निम्म्या हिश्श्याची घोषणा, कायमची मनाई, आणि सोबत निशाणी 5, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. मला विचाराल तर तहसीलदारांकडचा अर्ज सोबत ठेवता आला असता; पण दोन दोऱ्या एकदम ओढल्या की दोन्ही ठिकाणी ‘तिकडे चालू आहे ना?’ असं ऐकायला मिळतं, हेही खरं.

पहिला निर्णय: समोरच्याला न ऐकता हुकूम द्यायचा का

दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. मे महिन्याची सुट्टी तोंडावर आलेली. वादीच्या वकिलांची मागणी होती, आजच्या आज कुलूप काढायचा हुकूम द्या. फोटो होते, सातबारा होता.

मॅडमनी मागणीचे दोन तुकडे केले. एखाद्याला काही करण्यापासून थांबवणारा हुकूम वेगळा आणि काही करायला लावणारा, म्हणजे मँडेटरी हुकूम, वेगळा. दुसऱ्यासाठी कसोटी अधिक कडक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये दोराब कावसजी वॉर्डन यांच्या प्रकरणात सांगितलं की असा अंतरिम हुकूम साधारणपणे वाद सुरू होण्याआधीची शेवटची निर्विवाद स्थिती परत आणण्यासाठी असतो, आणि त्यासाठी नुसत्या प्रथमदर्शनी, म्हणजे वरवर पाहता टिकेल अशा, प्रकरणापेक्षा जास्त काही हवं. ती शेवटची निर्विवाद स्थिती कोणती होती, हे एकाच बाजूचे फोटो पाहून कसं ठरवणार?

म्हणून कुलूप काढायचा हुकूम त्या दिवशी मिळाला नाही. मिळालं ते एवढंच: मोटार, केबल, पाइप काढून नेऊ नयेत, विहिरीच्या रचनेत बदल करू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39, नियम 3 प्रमाणे समोरच्याला नोटीस न देता असा हुकूम द्यायचा तर कारणं लिहावी लागतात. ती तिथल्या तिथे लिहिली गेली आणि अर्जाची, दाव्याची प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवून तसं शपथपत्र देण्याची जबाबदारी वादीवर टाकली. नोटीस हमदस्त काढली, म्हणजे वादीने स्वतः हातोहात पोचवायची. तारीख परवाची.

वादीचे वकील नाराज झाले. पण माझ्या मते या दाव्यातला पहिला शहाणपणा इथेच दिसला. एकतर्फी कुलूप काढलं असतं तर तात्या दुसऱ्या दिवशी ‘मला न ऐकताच’ म्हणत आले असते, आणि पुढची सगळी भांडणं विहिरीऐवजी त्या हुकमावर झाली असती. नोटिशीला परवाची तारीख दिल्यामुळे बागेचाही जीव जाणार नव्हता. नेहमीसारखी पंधरा दिवसांची तारीख पडली असती तर हा शहाणपणा कागदावरच राहिला असता.

दुसरा निर्णय: पक्षकाराला थेट विचारायचं का

परवा तात्या आले, सोबत वकील. वकिलांनी म्हणणं दाखल करायला मुदत मागितली. तोंडी भूमिका अशी की कुलूप लावल्याचा आरोप नाकबूल, आणि अर्ज खोटा.

तात्या कोर्टातच उभे होते. टोपी हातात. मॅडमनी आदेश 10, नियम 2 खाली त्यांना पुढे बोलावलं. पक्षकार हजर असेल तर वादाचे मुद्दे स्पष्ट व्हावेत म्हणून न्यायालय त्याची तोंडी तपासणी करू शकतं. आपल्याकडे हा नियम फारसा वापरात नाही. तात्यांच्या वकिलांनी हरकत घेतली की अजून कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, दाखल नाही. हरकत रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, लिहिली गेली, प्रश्न मात्र विचारला गेला.

“पेटीला कुलूप कोणी लावलं?”

“म्याच लावलं की. माझ्या रानात हाय विहीर.”

“आधी कुलूप नव्हतं?”

“व्हतं. दोघांची दोन व्हती.”

वकिलांनी कागदावरून नजर वर केली नाही. उत्तरं तात्यांच्याच शब्दांत लिहून, वाचून दाखवून, त्यावर त्यांचा अंगठा नव्हे, सही घेतली. तात्या सातवी शिकलेले आहेत.

इथे धोका असतो. 1981 मध्ये राम चंदर विरुद्ध हरियाणा राज्य या फौजदारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या: न्यायाधीशाने खटल्यात नुसतं प्रेक्षक होऊन बसू नये, पण साक्षीदाराला दरडावून, धाक घालून विचारणारा सरकारी वकीलही होऊ नये. साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा अधिकार पूर्वी पुरावा अधिनियमाच्या कलम 165 मध्ये होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 168 मध्ये आहे. तात्या अजून साक्षीदार नव्हते, पण पथ्य तेच. दोन प्रश्न झाले आणि तिसरा, ‘मग का लावलं?’ हा, मॅडमनी विचारला नाही. तो बचावाचा भाग होता, वकिलाने मांडायचा. तीन दिवसांत म्हणणं दाखल करा म्हणून सांगितलं.

तिसरा निर्णय: कमिशनर की स्वतः

म्हणणं आलं, आणि त्यात एक नवीन मुद्दा निघाला. विहिरीत पाणीच नाही, तासभर उपसा झाला की मोटार कोरडी पडते, तेव्हा पाळी देणार कशाची? पुतण्या म्हणे, तात्यांचा ऊस हिरवागार आहे तो कशावर?

नेहमीचा मार्ग कोर्ट कमिशनरचा: आदेश 26, नियम 9. एखाद्या वकिलाला नेमायचं, त्याने पाहून अहवाल द्यायचा, मग दोन्ही बाजूंनी त्यावर हरकती. महिना सहज जातो. शिवाय ‘कमिशनर नेमून पुरावा गोळा करता येत नाही’ हा ठरलेला आक्षेप असतोच, आणि ताब्याच्या प्रश्नावर तो बऱ्याचदा बरोबरही असतो.

मॅडमनी आदेश 18, नियम 18 काढला. दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर न्यायालय स्वतः मालमत्तेची पाहणी करू शकतं. पाहिलं ते शक्य तितक्या लवकर टिपण करून लिहायचं आणि ते टिपण दाव्याच्या रेकॉर्डचा भाग होतं. दोन्ही वकिलांना तारीख आणि वेळ सांगितली गेली. दोघांना सोबत घेऊनच जायचं, एकाच्या गाडीतून नाही.

शनिवारी सकाळी पाहणी झाली. गावात बातमी आधीच पोचलेली, बांधावर माणसं उभी. कोणीतरी चहा आणला, मॅडमनी घेतला नाही, स्वतःची पाण्याची बाटली काढली. हा तपशील फुटकळ वाटेल. पण संध्याकाळपर्यंत गावात ‘बाईंनी पुतण्याच्या घरी चहा घेतला’ अशी आवई उठली होती, आणि तिला उत्तर द्यायला टिपणातली एक ओळ पुरली.

टिपणात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पेटीच्या कडीला जुनी साखळी होती. आधीची पद्धत अशी: साखळीच्या दोन टोकांना दोन कुलुपं एकमेकांत अडकवलेली, एक तात्यांचं, एक पुतण्याचं. कोणतंही एक उघडलं की साखळी सुटते आणि पेटी उघडते. आता साखळी आखूड करून एकच कुलूप होतं, आणि काढलेल्या कड्या पेटीखाली मातीत पडलेल्या. कापल्याची खूण ताजी, चकचकीत. शेवटची निर्विवाद स्थिती काय होती, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणत्या कागदात सापडला असता? दुसरी गोष्ट तात्यांच्या बाजूची. पुतण्याच्या लाइनला एक व्हॉल्व्ह होता आणि तिथून निघालेला पाइप रस्त्याखालून पलीकडच्या रानात गेला होता. पुतण्याच्या दाव्यात त्याचा उल्लेखच नव्हता.

पाणी किती होतं? मोटार चालू करून पाहिली गेली. पाणी होतं, कमी होतं. टिपणात तेवढंच आहे, ‘पुरेसं’ किंवा ‘अपुरं’ असा शब्द नाही. पाहणी करणारा न्यायाधीश उद्या साक्षीदारासारखा वाटू नये यासाठी दिसलं ते लिहायचं आणि अनुमान निकालासाठी राखायचं.

चौथा निर्णय: समेटात पडायचं का

पाहणी संपत आली तेव्हा गावातले एक वयस्कर गृहस्थ पुढे आले. “मॅडम, तुमीच सांगा दोघांला. तुमचं ऐकत्याल.” तात्या गप्प, पुतण्याही गप्प. दोघं त्या क्षणी ऐकलेही असते.

मॅडम एवढंच म्हणाल्या की ते इथे बोलणार नाही, दोघांनी वकिलांशी बोलावं. बांधावरच्या काहींना ते तुसडेपणाचं वाटलं. मला तो निर्णय पटतो. अ‍ॅफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात (2010) दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 चा, म्हणजे वाद समेटासाठी पाठवण्याच्या तरतुदीचा, अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: दावा चालवणाऱ्या न्यायाधीशानेच समेटात मदत केली आणि समेट फिसकटला, तर निकाल त्याने देऊ नये, पक्षपाताची शंका येते. समेटासाठी दुसऱ्याकडे पाठवावं. विहिरीवर उभं राहून ‘तात्या, थोडं सोडा’ म्हटलं असतं आणि तात्यांनी नाही म्हटलं असतं, तर सोमवारचा हुकूम तात्यांना सूड वाटला असता.

राहिला क्रमाचा प्रश्न. तात्यांचे वकील म्हणाले, आधी मध्यस्थी, मग हुकूम. ऐकायला गोड. पण पेटी बंद असताना मध्यस्थी म्हणजे ज्याच्या हातात किल्ली त्याचीच अट. मॅडमनी आधी हुकूम दिला आणि त्याच आदेशात मध्यस्थी केंद्राकडे पाठवलं.

हुकूम असा: तात्यांचं कुलूप राहील, पुतण्याचं कुलूप जुन्या पद्धतीने साखळीत अडकवायचं. चार-चार दिवसांची पाळी. पुतण्याने दावा चालू असेपर्यंत पाणी फक्त वडिलोपार्जित गटाला द्यायचं, रस्त्यापलीकडे नाही. गाळ आणि रिवाइंडिंगच्या दाखल पावत्यांतली निम्मी रक्कम कोर्टात भरायची. तात्पुरत्या मनाईसाठी दाखवाव्या लागणाऱ्या, भरून न येणाऱ्या नुकसानीबद्दल तात्यांच्या वकिलांचा युक्तिवाद चांगला होता: पुतण्या टँकर घेतोय, म्हणजे नुकसान पैशात मोजता येतं. उत्तरात आदेशात लिहिलं आहे की एका हंगामाची फळं पैशात मोजता येतील, उन्हाळ्यात वाळलेली झाडं मोजणं वेगळं.

काय झालं

तात्यांनी आदेश 43 खाली जिल्हा न्यायालयात अपील केलं. स्थगिती मिळाली नाही. जुलैत अपील फेटाळलं गेलं, कारण खालच्या न्यायालयाने विवेकाधिकार वाजवी रीतीने वापरला असेल तर केवळ आपलं मत वेगळं पडेल म्हणून वरच्या न्यायालयाने ढवळाढवळ करायची नसते, हे वाँडर विरुद्ध अँटॉक्स (1990) पासून पक्कं आहे.

खरी कुरबूर मधल्या काळात झाली. हुकमात पाळी चार दिवसांची म्हटली होती, बदलायची वेळ नव्हती. शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री. पुतण्या म्हणे पाळी सूर्योदयाला बदलते. तात्या म्हणत, लाइट येईल तेव्हा. एका रात्री दोघं पेटीपाशी उभे. पुतण्याने आदेश 39, नियम 2अ चा अर्ज टाकला. हुकूम मोडल्याचं सिद्ध झालं तर मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही. पण सुट्टी लागली, आणि मे अखेरीस पाऊसच लवकर आला. विहिरीत पाणी चढलं आणि अर्जाची धार गेली. बागेत पहिल्या आठवड्यांत ताण बसलेली फळं तडकली, झाडं वाचली.

जूनमध्ये मॅडमची बदली झाली. नवीन न्यायाधीशांनी विहीर पाहिलेली नव्हती, पण टिपण रेकॉर्डवर होतं, साखळीच्या वर्णनासकट. त्यांनी 2अ चा अर्ज ताबडतोब न चालवता मूळ हुकमात एक ओळ वाढवली: पाळी सकाळी सहाला बदलेल, लाइट असो वा नसो. दोन वकिलांनी दोन महिने ज्यावर वाद घातला ते एका वाक्यात मिटलं.

तात्या उच्च न्यायालयात जायचं म्हणत होते. पूर्वी त्यासाठी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूरची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे, म्हणजे तिथे बसणाऱ्या खंडपीठाकडे, जातात. त्यांच्या वकिलांनी अंतराचा फायदा सांगितला आणि खर्चाचा आकडाही. तोवर मध्यस्थीच्या बैठका सुरू झाल्या होत्या. सप्टेंबरच्या लोकअदालतीत तडजोड झाली: दोन स्वतंत्र मोटारी, दोन कनेक्शन, गाळाचा खर्च निम्मा-निम्मा, आणि पलीकडच्या रानाला पाणी फक्त पावसाळ्यात, तेही तात्यांची पाळी नसताना. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे असा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. कोर्ट फी परत मिळाली.

सह्या झाल्या तेव्हा विहीर काठोकाठ भरलेली होती. त्यामुळे तडजोड टिकेल का, हे एप्रिलशिवाय कळणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पाळी बदलण्याची वेळ पहिल्याच हुकमात हवी होती. पाणी, रस्ता, गोठा अशा रोजच्या वापराच्या गोष्टींत ‘पूर्वीप्रमाणे’ लिहिणं धोक्याचं, कारण पूर्वी काय होतं यावरच भांडण असतं. हुकूम देताना वकिलांना एवढंच विचारलं असतं की उद्या सकाळी हा अमलात कसा आणणार, तरी ती उणीव दिसली असती. विचारण्याची जबाबदारी न्यायालयाची. सांगण्याची आपली, वकिलांची, आणि दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही.

पुतण्याने पलीकडची पाइपलाइन दाव्यात लपवायला नको होती. मनाई ही विवेकाधीन सवलत आहे. स्वच्छ हाताने न येणाऱ्याला ती नाकारता येते, आणि कडक न्यायाधीशाने एवढ्यावर अर्ज फेटाळलाही असता. त्याला पाणी मिळालं ते साखळीच्या कड्यांमुळे.

तात्यांनी कुलूप लावण्याआधी खर्चाची आणि पलीकडच्या पाण्याची रीतसर नोटीस द्यायला हवी होती, शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148अ खाली कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा आगाऊ अर्ज. नव्वद दिवस चालतं. मग पहिल्या दिवशीचा छोटा हुकूमही त्यांना न ऐकता झाला नसता, आणि त्यांची वजनदार तक्रार ‘कुलूप लावणारा माणूस’ या प्रतिमेखाली दबली नसती.

स्वतः पाहणीला जाणं प्रत्येक दाव्यात जमणार नाही. बोर्डावर रोज ढीगभर प्रकरणं असतात. एक शनिवार एका विहिरीला दिला तर तो दुसऱ्या कशाला मिळत नाही. इथे ते योग्य होतं, कारण पाहायची गोष्ट थोडी होती, नाशवंत होती आणि कमिशनरच्या अहवालावरच्या हरकतींत फळं गळून गेली असती. हद्दीचा वाद असता तर भूमी अभिलेखच्या मोजणीशिवाय न्यायाधीशांनी बांधावर उभं राहून काय पाहिलं असतं?

वीज कनेक्शन आजोबांच्या नावावरून उतरवण्याचा अर्ज दोघांनी मिळून महावितरणकडे दिला आहे. वारसांचे कागद पूर्ण करून आणा, असं उत्तर आलं आहे.